साखर, मीठ आणि पाणी

जबलपूरच्या दीक्षितपुरा या जुन्या वस्तीतील एखादे मराठी घर डोळ्यांसमोर आणा. मे महिन्याची दुपार आहे. माठातील गार पाण्यात लिंबू पिळून साखर व मीठ घातले जाते. बारीक मीठ लवकर दिसेनासे होते. साखर मात्र तळाशी बसते. यावरून साखरेपेक्षा मीठ अधिक विरघळते, असे आपणांस वाटेल. परंतु ते खरे नाही. २० अंश सेल्सिअस तापमानाच्या १०० ग्रॅम पाण्यात मीठ सुमारे ३६ ग्रॅम, तर साखर सुमारे २०० ग्रॅम विरघळू शकते. पदार्थ किती विरघळतो आणि किती वेगाने विरघळतो, हे दोन निराळे प्रश्न आहेत.

विरघळण्याची क्रिया कणाच्या पृष्ठभागावर घडते. कण जितके बारीक, तितका पाण्याशी येणारा संपर्क अधिक. म्हणूनच पिठीसाखर चटकन विरघळते आणि खडीसाखर रेंगाळते. साखरेच्या दाण्याभोवती दाट पाकाचा थर साचतो. ढवळल्याने तो दूर होऊन नवे पाणी दाण्यापर्यंत पोहोचते. पाणी कोमट असल्यास रेणूंची हालचाल वाढते व हे काम अधिक लवकर होते.

या साध्या गोष्टीला कधी कधी जीवनमरणाचे महत्त्व येते. १९७१ साली बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या बनगाव येथील छावणीत पटकीची साथ पसरली. शिरेतून देण्याचे सलाइन अपुरे पडले, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी ग्लुकोज, मीठ व खाण्याचा सोडा यांचे द्रावण रुग्णांना पाजून असंख्य प्राण वाचवले. आतड्यात ग्लुकोजबरोबर मिठातील सोडियम शोषले जाते व त्यांच्यामागोमाग पाणीही शरीरात जाते.

जुलाब झाल्यास घरीही असे द्रावण करता येते. एक लिटर उकळून निवविलेल्या पाण्यात साखरेचे सहा सपाट लहान चमचे आणि मिठाचा अर्धा सपाट लहान चमचा घालावा. साखर तळाशी राहिली, तर वरच्या पाण्यात मीठ असते, पण पुरेशी साखर नसते. मीठ अधिक झाल्यास ते बालकांना अपायकारक ठरते. म्हणून माप अचूक घ्यावे आणि शेवटचा दाणा विरघळेपर्यंत ढवळावे. ते ढवळणे हाही उपचाराचाच भाग आहे.