यंत्रासाठी फुटणारा पान्हा

मुळशी तालुक्याच्या पश्चिमेला ताम्हिणीचा घाट आणि पूर्वेला हिंजवडीच्या काचेच्या इमारती. मधल्या गावांतल्या गोठ्यात धार काढायला बसणारा माणूस आधी वासराला सोडतो. वासराने दोन ढुशा दिल्या, चार घोट ओढले, की गाय पान्हा सोडते. मग वासरू बाजूला बांधायचं आणि चरवी पुढे घ्यायची. वासरू दिसलंच नाही तर गाय दूध चोरते. कास भरलेली असते आणि चरवी कोरडी राहते.

याच तालुक्यात, हिंजवडीच्या एखाद्या कंपनीत, रजा संपवून कामावर आलेली आई दुपारी एका लहानशा खोलीचं दार लावून घेते, पिशवीतून इलेक्ट्रिक ब्रेस्ट पंप काढते आणि बटण दाबते. बाळ घरी आजीजवळ आहे. तरीही मिनिटा-दोन मिनिटांत दुधाच्या धारा बाटलीत पडू लागतात. मोटर आणि सिलिकॉनच्या या वस्तूसाठी आईच्या शरीराने पान्हा सोडावा, हे नवलच. आणि पंप निवडायला निघालेल्या आईला बहुतेक उत्तरं या नवलातच सापडतात.

आईचं दूध स्तनातल्या अतिसूक्ष्म पिशव्यांमध्ये तयार होतं आणि बरंचसं तिथेच थांबतं. ब्रिटिश शल्यविशारद ॲस्टली कूपर यांनी १८४० मध्ये स्तनाच्या रचनेचं सविस्तर वर्णन प्रसिद्ध केलं. त्यानंतर दीडशे वर्षांहून अधिक काळ पाठ्यपुस्तकांतल्या आकृत्यांत स्तनाग्रामागे दूध साठवणाऱ्या छोट्या टाक्या काढलेल्या असत. २००५ मध्ये पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी दूध पाजणाऱ्या मातांची अल्ट्रासाउंड तपासणी केली, तेव्हा त्या टाक्या सापडल्याच नाहीत. पंधरा-वीस मानल्या गेलेल्या दुग्धनलिकाही सरासरी नऊच निघाल्या. म्हणजे तोंडाशी साठा नाही, त्यामुळे बाहेरून नुसतं ओढून फारसं काही हाती लागत नाही. दूध आतूनच सुटावं लागतं.

ते सोडवतं ऑक्सिटोसिन. बाळ चोखू लागलं की स्तनाग्रातल्या नसा मेंदूला खबर देतात, मेंदूच्या तळाशी असलेली पीयूषिका ग्रंथी ऑक्सिटोसिन रक्तात सोडते आणि त्या सूक्ष्म पिशव्यांभोवती जाळीसारख्या पसरलेल्या पेशी आकसतात. दूध नलिकांत ढकललं जातं, नलिका रुंदावतात. हाच पान्हा. फक्त नऊ अमिनो आम्लांचा हा रेणू व्हिन्सेंट डू व्हिन्यो यांनी १९५३ मध्ये प्रयोगशाळेत बनवला आणि १९५५ चं रसायनशास्त्राचं नोबेल त्यांना मिळालं. पान्हा कधी बाळाच्या नुसत्या रडण्यानेही फुटतो, आणि वेदना किंवा धास्ती असेल तर अडतो. म्हणून पंप लावताना बाळाचा फोटो समोर ठेवण्याच्या किंवा त्याचं झबलं जवळ घेण्याच्या सल्ल्यामागे शरीरशास्त्र आहे.

ब्रेस्ट पंप बनवण्याच्या सुरुवातीच्या प्रयत्नांत चक्क एक बुद्धिबळपटू होता. १९२० च्या दशकात अमेरिकेत एडवर्ड लास्कर या नामांकित खेळाडूने आणि अभियंत्याने विजेवर चालणाऱ्या ब्रेस्ट पंपाचं पेटंट घेतलं. शिकागोतले बालरोगतज्ज्ञ आयझॅक ॲब्ट यांनी तो रुग्णालयात वापरला. अपुऱ्या दिवसांच्या, चोखण्याचीही ताकद नसलेल्या बाळांसाठी आईचं दूध काढणं हा तेव्हाचा मोठा प्रश्न होता. पुढे १९५० च्या दशकात स्वीडनचे अभियंते आयनार एग्नेल यांनी इजा न होता किती ओढ देता येईल याचा अभ्यास केला आणि सुमारे २०० मिलिमीटर पाऱ्याइतक्या निर्वात दाबाची मर्यादा मांडली.

खरं गुपित मात्र लयीत होतं. बाळ सुरुवातीला भराभर चोखतं, सेकंदाला साधारण दोनदा. पान्हा फुटला की वेग निम्म्यावर येतो, कारण आता प्रत्येक ओढीला गिळावंही लागतं. आजचे चांगले पंप हेच करतात. आधी हलकी, जलद ओढ; दूध वाहू लागलं की खोल, संथ ओढ. जे काम गोठ्यात वासराच्या ढुशा करतात, ते इथे पहिल्या दोन मिनिटांची ती जलद लय करते.

हे कळलं की खोक्यावरच्या मोठमोठ्या आकड्यांना भुलायचं कारण उरत नाही. ओढ जितकी जास्त तितकं दूध जास्त, असं नसतं. दुखायला लागलं की पान्हाच अडतो. आईला सोसेल त्या कमाल ओढीवर दूध उत्तम येतं, म्हणून जलद आणि संथ या दोन्ही टप्प्यांत ओढ व वेग बारकाईने कमी-जास्त करता येणारा पंप घ्यावा. त्याहून महत्त्वाचं मोजमाप नरसाळ्यासारख्या भागाचं, ज्याला दुकानात फ्लॅन्ज म्हणतात. अनेक खोक्यांत २४ मिलिमीटरचा एकच फ्लॅन्ज येतो, पण स्तनाग्रं सगळ्यांची एका मापाची नसतात. स्तनाग्र आत मोकळेपणाने हलायला हवं. कडेला घासलं तर फ्लॅन्ज लहान, भोवतालची त्वचाही आत ओढली गेली तर मोठा. अनेक मापांचे फ्लॅन्ज आणि सुट्या झडपा सहज मिळतात का, हे आधी विचारावं. झडप सैल झाली की चांगला पंपही मलूल होतो आणि आई उगाच स्वतःला दोष देत बसते.

दूध मोटरच्या नळीत शिरू न देणारी बंद रचना हवी; ती स्वच्छ ठेवणं सोपं जातं. घरगुती पंप एकीचाच असतो, मैत्रिणीचा वापरलेला घेऊ नये. अनेक मातांसाठीचे पंप वेगळे असतात आणि ते रुग्णालयात किंवा भाड्याने मिळतात. बाळ अपुऱ्या दिवसांचं असून काचेच्या पेटीत असेल, तर असाच दुहेरी, म्हणजे दोन्ही बाजूंना एकदम लागणारा, पंप दिवसातून आठ वेळा तरी लावायला सांगतात. पहिल्या दोन-तीन दिवसांत चीक थेंबाथेंबाने येतो. तो हाताने पिळून वाटीत घेणं यंत्रापेक्षा सोयीचं.

नोकरीवर परतणाऱ्या आईला दोन्ही बाजूंना एकदम लागणारा, बॅटरीवर चालणारा पंप वेळ वाचवतो. तिच्या वेळेचा हिशेब कायद्यातही आहे. मातृत्व लाभ कायद्याच्या २०१७ च्या दुरुस्तीने पहिल्या दोन अपत्यांसाठी पगारी रजा १२ वरून २६ आठवडे झाली. पण त्यातले ८ आठवडे प्रसूतीपूर्वी घेतले, तर कामावर परतताना बाळ जेमतेम चार महिन्यांचं असतं, आणि सहा महिने निव्वळ आईचंच दूध द्यावं असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. बाळ १५ महिन्यांचं होईपर्यंत दिवसाला स्तनपानासाठी दोन सुट्ट्या कायद्यात आधीपासूनच होत्या; ५० किंवा अधिक कर्मचारी असतील तिथे पाळणाघर, हे त्या दुरुस्तीने आलं. या सुट्ट्या केवळ दयेच्या नाहीत. स्तन भरून राहिला की दूध तयार होणं मंदावतं, रिकामा झाला की वेग घेतं. कुणाच्या स्तनात एका वेळी जास्त दूध मावतं, कुणाच्या कमी. कमी मावणाऱ्या आईलाही दिवसभरात पुरेसं दूध येतं, फक्त तिला अधिक वेळा काढावं लागतं. अळिवाच्या खिरीने आणि डिंकाच्या लाडवाने बाळंतिणीचं पोषण होतं, पण वेळेवर रिकामं न झालेल्या स्तनाला ते दूध बनवायला लावू शकत नाहीत.

काढलेलं दूध २५ अंशांपर्यंतच्या खोलीत ४ तास, फ्रीजमध्ये ४ दिवस टिकतं. पुण्याच्या एप्रिल-मेमध्ये खोली २५ अंशांवर राहत नाही, म्हणून पंपाच्या जोडीला बर्फाच्या पॅकची पिशवी लागतेच. आजीने ते दूध वाटी-चमच्याने किंवा बोंडल्याने पाजलं तर बाटलीची गरजही नाही. बाळाच्या गरजेपेक्षा जास्त दूध येत असेल, तर ते दुसऱ्याच्या बाळालाही उपयोगी पडतं. मुंबईच्या शीव रुग्णालयात १९८९ मध्ये डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी आशियातली पहिली मातृदुग्ध पेढी उभी केली. तपासणी झालेल्या मातांचं दूध अशा पेढीत ६२.५ अंशांवर ३० मिनिटं तापवून अपुऱ्या दिवसांच्या बाळांना दिलं जातं.

तेव्हा पंपाच्या किमती पाहण्याआधी आपल्या ऑफिसात विचारून घ्यावं: आतून कडी लागणारी खोली आहे का, तिथे हात धुवायला पाणी, एक खुर्ची, एक प्लग आणि जवळपास फ्रीज आहे का, आणि दर तीन तासांनी वीस मिनिटं कुणी दार वाजवणार नाही ना? उत्तर ‘हो’ असेल तर मध्यम किमतीचा, बरोबर मापाच्या फ्लॅन्जचा पंपही काम चोख करतो. उत्तर ‘नाही’ असेल, तर सर्वांत महागड्या पंपासमोरही पान्हा अडून राहू शकतो. मग खरेदीच्या यादीआधी मनुष्यबळ विभागाला एक अर्ज लिहावा.