गुन्ह्याचा आघात सोसलेला रुग्ण आणि वैद्य

आम्लपित्ताच्या तक्रारीसाठी एक मध्यमवयीन गृहिणी माझ्याकडे पाच महिने येत होत्या. अविपत्तिकर चूर्ण, सूतशेखर, पथ्याच्या सूचना असे सर्व यथाशास्त्र चालू होते. थोडा उपशय मिळे आणि पुन्हा छातीत धडधड, पोटात खड्डा पडल्यासारखे वाटणे, पहाटेपर्यंत जागरण. माझ्या प्रश्नांची उत्तरे बहुधा त्यांचे यजमानच देत. अखेर निद्रेसाठी शिरोधारा योजली. द्रोणीवर झोपवून परिचारिकेने डोळ्यांवर कापसाच्या घड्या ठेवल्या मात्र, बाई ताडकन उठून दाराकडे धावल्या. वर्षापूर्वी त्यांच्या घरात रात्री दरोडेखोर शिरले होते आणि गळ्याशी चाकू धरून त्यांचे डोळे फडक्याने बांधले होते, हे मला त्या दिवशी प्रथम समजले. जिव्हा, मल, क्षुधा यांविषयी मी दर भेटीत विचारीत होतो. झोप कधीपासून गेली, हेही विचारले होते. परंतु त्या सुमारास घरात काय घडले होते, हे विचारले नव्हते. हेतुपरीक्षणातील ही उणीव सर्वस्वी माझी होती.

दरोडा, खुनी हल्ला, बलात्कार, आम्लहल्ला, अथवा घरातील माणसाचा खून यांतून गेलेली व्यक्ती आपल्याकडे गुन्ह्याची हकिकत घेऊन येत नाही. ती येते अनिद्रा, हृद्द्रव, अरुचि, ग्रहणी, अंगमर्द घेऊन. मानसोपचारतज्ज्ञाकडे जाण्यात तिला संकोच वाटतो. वैद्याकडे जाण्यात वाटत नाही. म्हणूनच आपली जबाबदारी मोठी आहे. घटनेची दृश्ये पुनःपुन्हा डोळ्यांपुढे येणे, त्या जागेचा वा विषयाचा कटाक्षाने परिहार, लहानशा आवाजाने दचकणे, आणि हे सर्व महिन्याहून अधिक काळ टिकणे, या लक्षणसमूहास १९८० साली अमेरिकन मनोविकार वर्गीकरणात स्वतंत्र स्थान मिळाले. आघातोत्तर ताणविकार या नावाने आज तो परिचित आहे. बहुसंख्य पीडित आप्तांच्या आधाराने काही आठवड्यांत सावरतात. ज्यांना सावरता येत नाही, त्यांना ओळखणे महत्त्वाचे.

आपल्या संहितांना हा विषय अपरिचित नाही. चरकाचार्यांनी भय आणि शोक यांपासून होणारे अतिसार आगंतु व मानस म्हणून वेगळे सांगितले, त्यांत वायूचा प्रकोप शीघ्र होतो असे म्हटले आणि वातहर क्रियेच्या जोडीस हर्षण व आश्वासन सांगितले. वाताच्या नानात्मज विकारांत अस्वप्न, विषाद आणि अनवस्थितचित्तत्व यांची गणना आहे. उन्मादचिकित्सेत, प्रिय वस्तूच्या नाशाने ज्याचे मन उपहत झाले त्यास तत्सदृश वस्तूची प्राप्ती, सांत्वन आणि आश्वासन यांनी शांत करावे, असा स्पष्ट निर्देश आहे.

त्याच अध्यायात त्रासनचिकित्साही आहे. दात काढलेले सर्प, माणसाळवलेले सिंह व हत्ती, शस्त्रधारी तस्कर यांच्याकरवी रुग्णास भय दाखवावे, असे तेथे सांगितले आहे. हा उपक्रम गुन्ह्याच्या पीडितास लावणे सर्वथा वर्ज्य आहे, असे माझे मत आहे, आणि ते मी निःसंकोचपणे मांडतो. ज्याने खरा शस्त्रधारी पाहिला, त्याच्या बाबतीत त्रासन हाच मुळी हेतू ठरतो. निदानपरिवर्जन ही चिकित्सेची पहिली पायरी मानणाऱ्या शास्त्राशी त्याचा मेळ बसत नाही. ‘मन घट्ट करा’, ‘आता विसरा’ हे आपल्या तोंडी सहज येणारे उद्गारही सौम्य स्वरूपातील त्रासनच होत.

सत्त्वावजयाचा अर्थ अहितकर विषयांपासून मनाचा निग्रह. मात्र घटना खोदून खोदून वदवून घेणे म्हणजे सत्त्वावजय नव्हे. आघातानंतर लगेच एकाच बैठकीत सर्व हकिकत सांगावयास लावण्याची पद्धत पाश्चात्त्य देशांत बरीच रूढ होती. तिचा उपयोग होत नाही, असे पुढील अभ्यासांत दिसून आले आणि जागतिक आरोग्य संघटनेनेही ती वापरू नये असे सुचविले. रुग्णाने सांगितले तर ऐकावे. न सांगितले तर थांबावे. त्याच्या हातून हिरावलेली सत्ता त्याला परत देणे हे खरे काम, आणि ते लहान गोष्टींतून होते. अभ्यंगापूर्वी प्रत्येक वेळी अनुमती घ्यावी, दार उघडे ठेवावे का ते विचारावे, स्त्री रुग्णाजवळ तिच्या पसंतीची स्त्री बसवावी, नेत्र झाकू नयेत, ‘पुरे’ म्हणताच थांबावे. या बाईंना पुढे शिरोधारा मी दिलीच नाही. बसल्या बसल्या पादाभ्यंग, रात्री कोमट दूध, ठरावीक वेळी भोजन एवढ्यावरच आरंभ केला. त्याच सुमारास मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठविले. आघातकेंद्रित संवादचिकित्सेचा उपयोग सिद्ध झालेला आहे आणि ती प्रशिक्षित व्यक्तीनेच करावयाची असते. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा अधिनियमाने मानसरोग विषयातील पदव्युत्तर वैद्यांना मानसिक आरोग्य व्यावसायिकांत स्थान दिले आहे. त्यामुळे आपण सर्वजण तसे झालो, असा अर्थ कोणी काढू नये. आत्मघाताचा विचार बोलून दाखविणाऱ्या रुग्णास तर त्याच दिवशी पाठवावे. २०२२ पासून १४४१६ या क्रमांकावर टेलिमानसची निःशुल्क सेवाही आहे.

कायद्याची थोडी माहिती वैद्यास असावीच. अठरा वर्षांखालील मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचे कळले, तर २०१२ च्या पॉक्सो अधिनियमाने पोलिसांना कळविणे प्रत्येकास बंधनकारक आहे, आणि वैद्य त्यास अपवाद नाही. गुन्ह्याच्या पीडितास भरपाईसाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करता येतो. बलात्कार, बालकांवरील लैंगिक अत्याचार व आम्लहल्ला यांतील पीडितांसाठी महाराष्ट्रात २०१३ साली मनोधैर्य योजना सुरू झाली. तीत अर्थसाहाय्याबरोबर समुपदेशनाचाही अंतर्भाव आहे. आपल्या रुग्णपत्रिकेतील नोंद पुढे न्यायालयात मागितली जाऊ शकते. म्हणून रुग्णाचे शब्द जसेच्या तसे, दिनांकासह लिहावेत. आपले तर्क त्यात मिसळू नयेत.

बाईंची झोप हळूहळू परत आली. मध्यंतरी न्यायालयाचे समन्स आले आणि सर्व लक्षणे पुन्हा उसळली. साक्षीच्या आदल्या दिवशी त्या नाडी दाखविण्याच्या निमित्ताने आल्या. या वेळी यजमान बाहेर थांबले होते. “वैद्यराज, उद्या त्यांच्याकडे बघावं लागेल का हो?” असे त्यांनी विचारले. सरकारी वकिलांना आधी भेटून ते विचारून घ्या, असे मी सांगितले, आणि त्याच सायंकाळी शेजारणीस सोबत घेऊन त्या भेटून आल्या. साक्ष झाली. निकाल अद्याप लागलेला नाही. गेल्या महिन्यात त्या आल्या, तेव्हा तक्रार गुडघ्याची होती.