ताऱ्यांची नाडी

नारायणगावजवळ खोडदच्या परिसरात 45 मीटर व्यासाच्या 30 अँटेना मिळून ‘जीएमआरटी’ ही रेडिओ दुर्बीण बनते. तिच्यावर स्पंदक ताऱ्यांची नाडी मोजली जाते. स्पंदक म्हणजे मेलेल्या ताऱ्याचा घट्ट गाभा. त्यातले काही सेकंदाला शेकडो वेळा गिरकी घेतात आणि प्रत्येक गिरकीला रेडिओलहरींचा ठोका पृथ्वीवर पोहोचतो. कोणत्याही हृदयाला हेवा वाटावा इतका नियमित!

29 जून 2023 रोजी युरोपीय आणि भारत-जपानच्या गटांनी 25 स्पंदकांच्या सुमारे 25 वर्षांच्या नोंदी मांडल्या. ठोके किंचित पुढेमागे होत होते. एका रुग्णाची नाडी चुकली तर दोष त्याच्या हृदयात. अख्ख्या वॉर्डाची सारखीच चुकली तर आधी घड्याळ तपासावे. इथे तिसरेच काही दिसत होते. दोन स्पंदकांच्या चुका किती जुळतात, हे आकाशातल्या त्यांच्यामधल्या कोनावर ठरत होते. गुरुत्वीय लहरींनी अवकाश ताणले-आकसले तर असेच घडेल, हे हेलिंग्ज आणि डाउन्स यांनी 1983 मध्येच मांडले होते. या लहरी बहुधा एकमेकांभोवती फिरणाऱ्या महाकाय कृष्णविवरांच्या जोड्यांच्या असाव्यात.

वाटेतल्या विद्युतभारित वायूमुळेही ठोके उशिरा येतात, कमी वारंवारतेला अधिकच. खोडदची दुर्बीण तिथेच तीक्ष्ण असल्याने ही दुरुस्ती नेमकी करता आली.

तरीही शास्त्रज्ञ ‘शोध लागला’ म्हणाले नाहीत, ‘पुरावा मिळाला’ एवढेच म्हणाले. वैद्यकात हा फरक अनेकदा विसरला जातो. अमेरिका, ऑस्ट्रेलिया आणि चीनच्या गटांनीही त्याच सुमारास असेच संकेत जाहीर केले. खात्रीसाठी आता सगळ्यांच्या नोंदी एकत्र तपासायच्या आहेत.