लॅपटॉप ‘गेला’ म्हणजे नेमकं काय गेलं?

स्क्रीनला तडा गेला, बिजागरी निखळली किंवा चार बटणं बंद पडली, की लॅपटॉप ‘गेला’ असं आपण जाहीर करून टाकतो. खरं तर बहुतेकदा एखादाच भाग गेलेला असतो. स्क्रीन फुटली असेल तर एचडीएमआय केबलने घरचा टीव्ही जोडून बघा. चित्र नीट दिसलं तर मशीन शाबूत आहे आणि टेबलावर ठेवून वापरता येईल. बटणांचं काम यूएसबी की-बोर्ड करतो.

‘जुना झाला, म्हणून हळू चालतो’ हेही अर्धसत्य. प्रोसेसर वयोमानाने म्हातारा होत नाही. खोडा असतो तो फिरत्या हार्ड डिस्कचा. तिच्या जागी अडीच इंची साटा एसएसडी बसवली की दहा वर्षांपूर्वीचं मशीनही ओळखू येणार नाही इतकं बदलतं. मदरबोर्ड जळाला असेल, तर मात्र दुरुस्तीचा हट्ट नको.

विंडोज 10 ची नेहमीची मोफत अपडेट्स 14 ऑक्टोबर 2025 ला थांबली, म्हणून कित्येकांनी धडधाकट मशीन मोडीत काढली. त्या तारखेला लॅपटॉप बंद पडत नाही. सुरक्षेची अपडेट्स थांबतात. विंडोज 11 चालत नसेल तर लिनक्स मिंट फुकट आहे आणि आधी पेनड्राइव्हवरून चालवून बघता येतं. टॅलीवर काम करणाऱ्यांना ते गैरसोयीचं. पत्रव्यवहार, यूट्यूब आणि मुलांच्या अभ्यासाला पुरेसं.

सगळ्यात महागात पडणारा समज म्हणजे, ‘फॉरमॅट मारलाय, आता काही सापडणार नाही.’ क्विक फॉरमॅटमध्ये पुस्तकाची फक्त अनुक्रमणिका फाडली जाते, पानं तशीच राहतात. हार्ड डिस्कवरचे आधार कार्डाचे स्कॅन आणि बँकेची स्टेटमेंट्स फुकटच्या सॉफ्टवेअरनेही परत काढता येतात. म्हणून ‘क्विक फॉरमॅट’वरची खूण काढून पूर्ण फॉरमॅट करा; वेळ लागतो, लागू द्या. एसएसडीसाठी ती बनवणाऱ्या कंपनीचं पुसण्याचं टूल वापरा. याच्या उलटही खरं आहे: लॅपटॉप सुरू होत नाही म्हणजे फोटो गेले असं नाही. डिस्क काढून यूएसबी केसमध्ये घातली की दुसऱ्या संगणकावर उघडते. बिटलॉकर चालू असेल तर रिकव्हरी की मात्र लागेल. ती बहुधा मायक्रोसॉफ्ट खात्यात सापडते.

टचपॅड वर आलाय, झाकण नीट बसत नाही? बॅटरी फुगली असण्याची शक्यता मोठी. ‘अजून चालतेय ना’ म्हणून चार्जिंगला लावू नका. दाबू नका, टोचू नका आणि घंटागाडीत तर मुळीच टाकू नका. कचऱ्याबरोबर चेपली गेली की लिथियम-आयन बॅटरी पेट घेते. दुकानातून काढून घ्या. कित्येक जुनी मॉडेल्स बॅटरीविना, नुसत्या अडॅप्टरवरही चालतात.

राहिला भंगारवाला. लॅपटॉपमध्ये सोनं असतं, पण नखभरही नाही. ते काढायला अनधिकृत ठिकाणी बोर्ड ॲसिडमध्ये बुडवतात, वायरी जाळतात. धूर तिथल्या कामगारांच्या छातीत जातो. 1 एप्रिल 2023 पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांनुसार पुनर्प्रक्रियेची जबाबदारी उत्पादकांवर आहे. त्यामुळे आधी कंपनीच्या सेवा केंद्रात विचारा, नाहीतर केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे नोंदणी असलेला पुनर्प्रक्रियाकार गाठा. तत्पूर्वी रॅम, एसएसडी आणि चार्जर काढून घ्या. मुंबईत लॅमिंग्टन रोडवर किंवा गावातल्या दुरुस्तीवाल्याकडे त्यांना गिऱ्हाईक मिळतं.