क्रेनसारखे दिवे, लाकडी बाक

युरोपातलं सर्वांत मोठं बंदर असलेल्या रॉटरडॅमचा मध्यवर्ती भाग मे १९४०च्या जर्मन बॉम्बहल्ल्यात बेचिराख झाला. युद्धानंतर नव्याने वसवलेल्या या भागात नाट्यगृह आणि दे डूलेन संगीत सभागृह यांच्यामधला चौक मात्र वर्षानुवर्षं ओकाबोका राहिला. वेस्ट ८ या संस्थेच्या आद्रियान खूझ यांनी त्याचं रूप पालटलं. काम १९९६मध्ये पूर्ण झालं.

खरी अडचण पायाखाली होती: चौकाच्या पोटात वाहनतळ. त्याच्या छताला जड फरशी किंवा मोठी झाडं पेलणार नव्हती. म्हणून लाकूड, रबर, धातूचे सच्छिद्र पत्रे असं हलकं साहित्य निवडलं आणि चौक भोवतालच्या रस्त्यांपेक्षा थोडा उंच केला. झालं एक रंगमंचच! लाकडी पट्टा आणि लांबलचक बाक जिथे ऊन जास्त वेळ टिकतं, तिथे.

सगळ्यांत लोभस म्हणजे बंदरातल्या क्रेनसारखे लाल, उंच, हायड्रॉलिक दिवे. येणाऱ्याजाणाऱ्यांना ते स्वतः वाकवता-उचलता यावेत, अशी योजना होती. नागरिकाच्या हाती चौकाचा उजेड देणारी ही कल्पना मला फार मोलाची वाटते. कार्यक्रम नसताना चौक रिकामा, वाऱ्याचा वाटतो, ही टीकाही झाली. पण मोकळी जागा राखल्याशिवाय मेळे, मैफली भरणार कुठे?