मनाचा दवाखाना हवा, पण जातीविरुद्धची फिर्यादही हवी

केंद्र सरकारने २०२६-२७ च्या अर्थसंकल्पात उत्तर भारतात दुसरी ‘निमहान्स’ उभारण्याची घोषणा केली. त्याआधी १० ऑक्टोबर २०२२ रोजी ‘टेली मानस’ ही फोनसेवा सुरू झाली. १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र, फुकट आणि मराठीतूनही बोलता येते. आजवर वीस लाखांहून अधिक फोन तेथे घेतले गेले. हे काम चांगले आहे, आणि चांगल्याला चांगले म्हणण्यात चळवळीला कमीपणा नाही. परंतु शोषित समाजाने कोणत्याही सरकारी योजनेला दोन प्रश्न विचारलेच पाहिजेत. हे आम्हाला दया म्हणून मिळते की हक्क म्हणून? आणि यातून आमचा मूळ प्रश्न सुटतो की झाकला जातो?

पहिल्या प्रश्नाचे उत्तर कायद्यात आहे. इंग्रजांचा १९१२ चा कायदा माणसाला बरे करण्यापेक्षा कोंडून ठेवण्यासाठी होता. स्वातंत्र्यानंतरही तो अनेक दशके चालला. राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम १९८२ साली आला, १९८७ चा नवा कायदा १९९३ मध्ये अमलात आला आणि जिल्हा कार्यक्रम १९९६ साली सुरू झाला. तरीही ६ ऑगस्ट २००१ रोजी तामिळनाडूतील एरवाडी येथे दर्ग्याजवळच्या एका आश्रयस्थानाला आग लागली आणि साखळदंडांनी बांधलेले मनोरुग्ण जागच्या जागी जळाले. २८ जण गेले. ही माणसे श्रीमंतांच्या घरची नव्हती. गावात ना डॉक्टर ना औषध, म्हणून गरिबांनी आपले आप्त तेथे नेऊन सोडले होते.

मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ या पार्श्वभूमीवर वाचला पाहिजे. त्याच्या कलम १८ ने प्रत्येक व्यक्तीला सरकारी मानसिक आरोग्य सेवा मिळविण्याचा हक्क दिला. ही सेवा देताना लिंग, धर्म, वर्ग यांबरोबरच ‘जात’ या कारणावरूनही भेदभाव करता येणार नाही, असे त्यात स्पष्ट लिहिले आहे. दारिद्र्यरेषेखालील माणसाला, त्याच्याकडे कार्ड असो वा नसो, सरकारी ठिकाणी उपचार मोफत आहेत. आवश्यक औषधांच्या यादीतील औषधे ग्रामीण रुग्णालयापासून वर सर्वत्र फुकट मिळाली पाहिजेत. कलम २७ नुसार मोफत वकील मिळतो आणि कलम ९५ ने माणसाला साखळीने बांधण्यास मनाई केली आहे. कलम ११५ नुसार आत्महत्येचा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असेच गृहीत धरायचे असते. त्याला आरोपी करणे नव्हे, तर उपचार देणे ही सरकारची जबाबदारी आहे.

पण कागदावरचा हक्क वस्तीपर्यंत आपोआप येत नाही, हे आपल्याला कोणी शिकवायला नको. ‘निमहान्स’ने २०१५-१६ मध्ये बारा राज्यांत केलेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणात, निरनिराळ्या मानसिक आजारांच्या ७० ते ९२ टक्के रुग्णांना उपचारच मिळत नसल्याचे दिसले. देशात लाख लोकांमागे एकही मनोविकारतज्ज्ञ नाही. महाराष्ट्राची प्रादेशिक मनोरुग्णालये ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरीला आहेत. रोजंदारीवरची बाई आजारी मुलाला घेऊन तिथवर पोहोचते तेव्हा तिची दोन दिवसांची मजुरी आधीच बुडालेली असते. या कायद्याच्या अंमलबजावणीसाठी मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका करावी लागली, यातच सर्व आले.

आता दुसरा प्रश्न, आणि तो अधिक अवघड आहे. आशिष गुप्ता आणि डायन कॉफी या अभ्यासकांनी २०२० साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. महाराष्ट्रासह सहा राज्यांच्या आकडेवारीत त्यांना असे दिसले की, शिक्षण आणि सांपत्तिक स्थितीचा फरक बाजूला काढला तरी उच्चवर्णीय हिंदूंच्या तुलनेत अनुसूचित जातीच्या लोकांचे मानसिक आरोग्य अधिक वाईट आहे. म्हणजे नोकरी लागली, पक्के घर झाले, तरी दुःखाचा एक हिस्सा उरतोच. तो हिस्सा जातीचा आहे.

हैदराबादेत १७ जानेवारी २०१६ रोजी रोहित वेमुला गेला. मुंबईत २२ मे २०१९ रोजी डॉ. पायल तडवी गेल्या. पवईच्या आयआयटीत १२ फेब्रुवारी २०२३ रोजी दर्शन सोळंकी गेला. दर्शनच्या मृत्यूनंतर संस्थेच्या चौकशी समितीने प्रत्यक्ष जातिभेदाचा ठोस पुरावा नसल्याचे सांगून अभ्यासातील घसरणीकडे बोट दाखविले. मुलगा अभ्यासात का घसरला, हा प्रश्न मात्र तेथेच थांबला. आपली भीती हीच आहे. वर्गात मुलाची रँक विचारून त्याची जात काढली जाते, त्याच्याशी बोलणे टाकले जाते, आणि तो खचला की त्याला समुपदेशकाकडे पाठविले जाते. छळणारा मोकळा राहतो आणि छळ सोसणारा रुग्ण ठरतो. अन्यायाची तक्रार औषधाच्या चिठ्ठीत गुंडाळली जाते.

म्हणून काय औषध नाकारायचे? मुळीच नाही. येथे आपल्या कार्यकर्त्यांनाही चार शब्द सुनावले पाहिजेत. ‘आपण लढाऊ समाज आहोत, आपल्याला असले आजार होत नाहीत’ असे बोलणारे आपल्यात आहेत. घरातल्या सुनेची झोप उडाली, तिचे जेवण सुटले, तर तिला अंगात आले म्हणून भगताकडे नेणारे अजूनही आहेत. नवऱ्याचे पिणे हा आजार समजून उपचार करण्याऐवजी बायकोने मार खात राहावे, असे मानणारेही आहेत. उदासीनता हा आजार आहे, तो औषधाने आणि समुपदेशनाने बरा होतो. जातीने केलेली जखमही खरी आहे, आणि तिला कायद्याने न्याय मिळाला पाहिजे. पाय मोडलेल्या माणसाला प्लॅस्टर लागते आणि पाय मोडणाऱ्यावर गुन्हाही नोंदवावा लागतो. एक केले म्हणून दुसरे माफ होत नाही.

न्यायालयाने ही दिशा दाखविली आहे. सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०२५ रोजी विद्यार्थ्यांच्या आत्महत्यांबाबत न्या. रवींद्र भट यांच्या अध्यक्षतेखाली राष्ट्रीय कृती दल नेमले. २५ जुलै २०२५ च्या निकालात मानसिक आरोग्य हा घटनेच्या कलम २१ मधील जगण्याच्या हक्काचा भाग असल्याचे सांगून शिक्षणसंस्थांना मार्गदर्शक सूचना दिल्या. वंचित घटकांतील विद्यार्थ्यांशी भेदभाव न करता वागण्याचे प्रशिक्षण कर्मचाऱ्यांना द्यावे, असे त्यात आहे. आता प्रत्येक महाविद्यालयाला ‘तुम्ही काय केले?’ असे लेखी विचारणे हे आपले काम आहे.

प्रत्येक तालुक्यातील कार्यकर्त्यांनी माहितीच्या अधिकारात अर्ज टाकावा. ग्रामीण रुग्णालयात मनोविकाराची औषधे किती दिवस उपलब्ध होती? जिल्ह्यात मनोविकारतज्ज्ञाची किती पदे भरली आहेत? जिल्ह्यासाठीच्या मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळाच्या बैठका होतात का? समुपदेशकांच्या पदांवर आरक्षण पाळले गेले का? अॅट्रॉसिटी कायद्याच्या कलम १५अ नुसार पीडितांना पुनर्वसनाचा हक्क आहे. त्या पुनर्वसनात मानसिक उपचार धरावेत, अशी मागणी जिल्हा दक्षता व संनियंत्रण समितीपुढे ठेवावी. आणि वस्तीतल्या विहाराच्या फलकावर इतर सूचनांबरोबर १४४१६ हा क्रमांकही मोठ्या अक्षरात लिहावा.

सरकार दवाखाने वाढवते आहे, ते वाढू द्या, आपण ते भरून वापरू. मात्र आपला मुलगा तेथे गेला तर त्याच्या हातात दोन कागद असले पाहिजेत. एक डॉक्टरांची चिठ्ठी आणि दुसरी फिर्यादीची प्रत.