शाबासकी आणि सर्जनशीलता

कॅनडातील किचनर शहरात प्राथमिक शाळेत शिकणाऱ्या मुलाच्या प्रगतिपुस्तकात विषयांच्या श्रेणींआधी जबाबदारी, पुढाकार, सहकार्य अशा सहा सवयींची नोंद असते आणि वर्षाच्या सुरुवातीच्या अहवालात तर विषयांचे गुण मुळीच नसतात; त्यामुळे ‘किती मार्क मिळाले?’ हा प्रश्न तोंडावर असलेल्या मराठी पालकांना हा अहवाल अपुरा वाटणे स्वाभाविक आहे. ऑन्टॅरिओ प्रांताच्या २०१० च्या मूल्यमापन धोरणाने वर्णनात्मक अभिप्रायावर, म्हणजे काम कुठे जमले, कुठे राहिले आणि पुढे काय करता येईल हे शिकत असतानाच मुलाला नेमकेपणाने सांगण्यावर, भर दिला आहे.

अशा बोलण्याने मूल खरोखर नवे काही करू लागते का, याचा सर्वांत बोलका पुरावा अर्धशतकापूर्वीचा आहे. कॅन्सस विद्यापीठातील एलिझाबेथ गोएट्झ आणि डोनाल्ड बेअर यांनी १९७३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात बालवाडीतील तीन मुली लाकडी ठोकळ्यांनी रचना करीत असत आणि त्या बैठकीत आधी न आलेला आकार, उदाहरणार्थ कमान किंवा उतार, एखादीने रचला की शेजारी बसलेली शिक्षिका तो वेगळा असल्याचे उत्साहाने बोलून दाखवी. या टप्प्यात आकारांची विविधता वाढली, पूर्वी कधीच न केलेले आकारही दिसू लागले. मात्र तीच शिक्षिका आधी केलेल्याच आकारांचे कौतुक करू लागताच विविधता घटली. सर्जनशीलता ही केवळ उपजत देणगी मानणाऱ्यांनी हा दुसरा टप्पा विशेष लक्षात घ्यावा, कारण कौतुकाचा उत्साह तोच होता, बदलले होते ते फक्त कौतुकाचे निमित्त.

इस्रायलमधील रूथ बटलर यांच्या १९८८ च्या अभ्यासात पाचवी-सहावीच्या मुलांपैकी काहींना केवळ शेरा, काहींना केवळ गुण आणि काहींना दोन्ही मिळाले. गुणांविना शेरा मिळालेल्यांची कामगिरी आणि गोडी टिकली किंवा वाढली, पण शेऱ्याला गुणांची जोड मिळताच हा लाभ उरला नाही. बहुधा मुलांचे लक्ष कामावरून स्वतःच्या क्रमांकाकडे वळले असावे. ‘किती हुशार!’ ही घराघरांतील शाबासकीही तशीच व्यक्तीवर जाते, आणि क्लॉडिया म्यूलर व कॅरोल ड्वेक यांच्या १९९८ च्या प्रयोगांत बुद्धीची स्तुती ऐकलेली मुले अपयशानंतर प्रयत्नांची स्तुती ऐकलेल्यांपेक्षा लवकर खचली.

अर्थात नेमका अभिप्रायही दडपणाच्या सुरात दिला, तर मूल सांगितले तेवढेच करते. किचनरमधील घरी मुलाने चित्र दाखवले, तर आकाशासाठी त्याने जांभळा रंग का निवडला हे विचारून त्याचे उत्तर पुरते ऐकून घेणे, आणि पुढचा रंग त्यालाच ठरवू देणे, हे पालकांना शाळेच्या अहवालाची वाट न पाहता करता येते.